आबांच्या गळ्याची शपथ

चिंता करणं हा माझा जोडधंदा आहे. मुख्य धंदा शाळेत विज्ञान शिकवण्याचा. गंगाखेडला आमचं कापडाचं दुकान आहे, ते नवरा बघतो. चिंतेचं काम मात्र सगळ्या घरानं माझ्याकडं सोपवलेलं आहे. मुलगी डॉक्टरकी शिकायला इटलीला निघाली तेव्हा विमानाचं काय होईल, थंडी सोसेल का, तिकडच्या जिन्यांवरून पाय घसरला तर कोण उचलेल, अशा सगळ्या चिंता मी आधीच करून ठेवल्या होत्या. जे झालं, त्याची तेवढी करायची राहून गेली.

ती ज्या विद्यापीठात गेली ते फार जुनं. किती जुनं ते मी शिक्षकांच्या खोलीत सांगायला लागले, तर मराठीचे सर म्हणाले, बाई, म्हणजे देवगिरीवर यादव राज्य करत होते तेव्हाचं कॉलेज म्हणा की. मला ते इतकं आवडलं की पुढं मी सगळ्यांना तसंच सांगितलं. इथल्या सरकारी कॉलेजात तिचा नंबर थोडक्यात हुकला होता. तिकडची प्रवेश परीक्षा तिनंच शोधून काढली, तिनंच दिली, शिष्यवृत्तीही तिनंच मिळवली. आमच्या हातात फक्त हो म्हणणं उरलं होतं, आणि ते हो यायचं होतं आबांकडून.

आबा म्हणजे माझे सासरे. नातीमुळं सगळं घर त्यांना आबा म्हणायला लागलं, मीही. आम्ही लिंगायत. आमच्यात मूल जन्मलं की स्वामी येऊन त्याच्या गळ्यात इष्टलिंग बांधतात, आणि माणूस मातीत जाईपर्यंत ते अंगावेगळं करायचं नाही असा नेम. तो आमच्यातले किती जण पाळतात हे विचारू नये. माझ्या नवऱ्याचं लिंग देवघरात असतं आणि सणावाराला गळ्यात येतं. आबांचं तसं नाही. सकाळी आंघोळ, कपाळाला भस्म, मग गळ्यातल्या चांदीच्या डबीतून लिंग काढून डाव्या तळहातावर घ्यायचं, पूजा करायची, आणि त्यानंतर पाण्याचा पहिला घोट. दुकान ते चालवायचे तेव्हाही यात फरक पडला नाही. नातीला त्यांनी लहानपणापासून शेजारी बसवून हे शिकवलं आणि तिनंही ते मनापासून उचललं. शाळेच्या सहलीला गेली तरी पोरगी पूजा करून मगच पोह्यांना हात लावायची.

निघायच्या दिवशी बॅगा दारात आल्या होत्या. आबांनी तिला जवळ बोलावलं, तिचा हात धरला आणि स्वतःच्या गळ्यावर ठेवला.

"आता सांग माय," ते म्हणाले. "हे लिंग गळ्यातून निघायचं न्हाई. निघालंच कव्हा, तं त्या दिवशी मंग अन्नाला शिवायचं न्हाई."

"न्हाई आबा," ती म्हणाली. "तुमच्या गळ्याची शपथ."

मी चहाचे कप उचलत होते. ज्याच्या गळ्याची शपथ घेतली आणि मोडली, त्याच्याच गळ्याशी येतं, हे आपल्याकडं पोराटोरांनाही ठाऊक असतं. मी कप घेऊन आत गेले. गाडी सुटायची वेळ झाली होती.

शपथेच्या बाबतीत माझा अनुभव चांगला नाही. माझं माहेर चुडाव्याचं. स्टेशनमागं एक बोरीचं झाड होतं, आणि रेल्वेत नोकरीला असलेल्या एका गृहस्थांची मुलगी माझी मैत्रीण होती. एकदा आमचं भांडण झालं आणि त्या झाडाची बोरं खायची नाहीत, अशी तिनं मला स्वतःची शपथ घातली. शपथ ज्यानं घातली त्यानंच 'सुटली' म्हणायचं असतं. दुसऱ्या कुणी कितीही वेळा म्हटलं तरी ती सुटत नाही. आमची गट्टी झाली, पण 'सुटली' म्हणायचं राहून गेलं, आणि एक दिवस तिच्या वडलांची बदली झाली. ती डब्यात बसलेली, मी फलाटावर तिच्या खिडकीबरोबर पळतेय आणि ओरडतेय, सुटली म्हण, सुटली म्हण. तिला वाटलं मी रडतेय, म्हणून तिनं हात हलवला. पुढं मी रसायनशास्त्रात पदवी घेतली, बीएड केलं, अंधश्रद्धेवर शाळेत दरवर्षी भाषण देते, पण त्या झाडाचं बोर काही खाल्लं नाही. झाड तुटलं तेव्हा मला बरंच वाटलं.

मुलीचं पहिलं वर्ष चांगलं गेलं. तिनं आम्हाला एकदा फोनवरून तिथलं जुनं, प्रेतं उघडून शिकवायचं सभागृह दाखवलं. सगळं लाकडाचं, लंबगोल, वरून खाली निमुळतं होत गेलेलं. एकाखाली एक असे गोल कठडे आणि अगदी तळाशी एका टेबलापुरती जागा. जुन्या काळी मेणबत्त्यांच्या उजेडात मास्तर त्या टेबलावर प्रेत उघडायचे आणि पोरं कठड्यांना टेकून वरून बघायची. उभं राहायची जागा इतकी अरुंद, की कुणाला चक्कर आली तरी त्याला पडता येत नसे. प्रेतं फाशी दिलेल्यांची असायची, आणि काही म्हणे चोरून आणलेलीही. आबांनी फोन डोळ्यांजवळ धरून बराच वेळ बघितलं. "ही तं बारव हाय," ते म्हणाले. मला हसू आलं, पण खरंच ती पायऱ्यांची बारवच होती, फक्त तळाशी पाणी नव्हतं.

आता तिथं कुणी शिकत नाही, पाहुणे येऊन बघून जातात. शिकणं नव्या इमारतीत चालतं, पोलादी टेबलांवर. पण ते गाव अजूनही त्या जुन्या बारवेच्याच जिवावर आहे, असं मुलगी सांगायची. लांबलांबचे पेशंट त्यांच्या मोठ्या दवाखान्यात येतात, नवीन औषधं तिथं तपासली जातात, आणि वर्गात तर कुठल्या कुठल्या देशांची पोरं. एके काळी मोठ्या घरच्या मुलांना माणसाचं अंग आतून दाखवणारं ते कॉलेज आता गंगाखेडच्या कापडवाल्याच्या पोरीलाही दाखवत होतं. आणि प्रेतं आता चोरावी लागत नव्हती. लोक जिवंतपणीच देह लिहून देतात. कितीतरी जण तर त्याच दवाखान्यात बरे झालेले असतात, आणि म्हणतात, आमचं झालं की पोरांना शिकायला न्या. टेबलाशी काम सुरू करायच्या आधी सगळे क्षणभर मान खाली घालून उभे राहतात.

आबांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि दोनच गोष्टी विचारल्या. माणसाला तिथं बसवून ठेवतात का झोपवून? आमच्यात मेलेल्या माणसाला बसवून माती देतात, डाव्या हातावर त्याचं लिंग ठेवून. झोपवून, असं ती म्हणाली. मग हातात काही देतात का? काही नाही आबा, हात मोकळाच असतो. दिवसभर आबांच्या मनात तेच असावं, कारण जेवताना मध्येच म्हणाले की लोकं चांगले असतील.

दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीनंतर तिचं स्वतःच्या हातानं शरीर उघडून शिकणं सुरू झालं. आमच्याकडं दिवेलागण होते तेव्हा तिकडं जेवणाची सुट्टी असते, आणि त्या वेळेला रोज तिचा फोन यायचा. मी आधी ताट बघायचे. पाव असायचा, काही हिरवं असायचं, कधी शेवयांसारखं काहीतरी. ताट भरलेलं असायचं आणि फोन ठेवेपर्यंत भरलेलंच राहायचं. खा की गं, असं म्हटलं की ती म्हणायची, खायलेय आई, बोलून झालं की खाते. कॅमेरा वर करायची आणि हसायची. गालफडं वर आली होती.

एक दिवस तिनं केस सारखे करायला मान वळवली, आणि पांढऱ्या कोटाच्या आत मला तिचा गळा दिसला. दोरा नव्हता.

शेजारी आबा बसले होते. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, त्यांना त्या काचेत तिचं हसू तेवढं दिसतं, तरी मी फोन पटकन स्वतःकडं वळवून घेतला. त्या दिवसापासून मला झोप नाही. कुणाच्या प्रेमात पडली असेल, त्यानं काढायला लावलं असेल. मैत्रिणी हसल्या असतील. धर्म सोडला असेल. तिकडच्या पोरींसारखं नुसतं गळ्यात काही नसणं तिला आवडायला लागलं असेल. विचारायची सोय नव्हती, कारण फोनवर आबा कायम शेजारी, आणि एकटीनं फोन करावा तर ती वर्गात. खरं सांगायचं तर विचारायची हिंमतही नव्हती. जे कळेल ते मग मला आबांपासून लपवावं लागलं असतं. आबांना कळलं असतं तर त्यांनी एकच सांगितलं असतं, तिला परत बोलवा. आणि आबांचा शब्द मोडून नवऱ्यानं कधी दुकानाचा रंगसुद्धा बदललेला नाही.

त्यातच आबांचा आवाज बसला. उसाचा हंगाम होता, घरासमोरून दिवसभर कारखान्याकडं ट्रॅक्टर जायचे, धुरळा उडायचा. मी हळदीचं दूध दिलं, ज्येष्ठमध दिला, मिठाच्या गुळण्या झाल्या. आवाज काही सुटेना, उलट दिवसेंदिवस फाटत गेला. धूळ आहे, मी सगळ्यांना सांगायचे. स्वतःलाही तेच सांगायचे.

मग एक दिवस शाळेच्या मधल्या सुट्टीत मुलीच्या नंबरवरून फोन आला आणि बोलत होती तिची खोलीतली मैत्रीण. केरळची मुलगी, हिंदी अडखळत बोलते. तिनं आधी तीनदा घाबरू नका म्हणून सांगितलं, त्यामुळं मी पुरती घाबरले. मुलगी काल टेबलाशी काम करता करता चक्कर येऊन पडली होती. साखरेचं पाणी दिलं, तपासलं, ठीक आहे, आता झोपली आहे. पण आंटी, ती म्हणाली, ही सकाळी एकदा खाते आणि मग दिवसभर काहीच खात नाही. आमच्या प्रोफेसर बाईंनी तिला विचारलं तर ती फक्त घरची गोष्ट आहे म्हणते. त्यांना काळजी वाटतेय, असंच चाललं तर तिला टेबलाशी उभं राहू देणार नाहीत. आणि तोंडी परीक्षा तर जवळ आली आहे.

संध्याकाळी मी फोन घेऊन गच्चीवर गेले. खाली आबा वाट बघत असतील हे माहीत असूनही गेले. मुलगी आधी टाळत होती, मग तिनं सगळं सांगून टाकलं. त्या खोलीत जाताना गळ्यात, हातात काहीही चालत नाही. अंगठी नाही, साखळी नाही, दोरा नाही. सगळ्यांना सारखा नियम. लिंग ती डबीसकट रुमालात बांधून आपल्या लोखंडी कपाटात ठेवते. आणि ज्या दिवशी काढलं त्या दिवशी अन्नाला शिवत नाही. सकाळची पूजा झाल्यावर पोटात जाईल तेवढंच, मग दुसऱ्या दिवशी पूजा होईपर्यंत काही नाही. आधी हे आठवड्यातून एकदा होतं. आता बहुतेक रोज असतं.

मी चिडले. लोखंडी कपाटात, बुटांच्या शेजारी, हे आधी डोक्यात आलं आणि त्याची लाज वाटली. मग म्हणाले, वेडी आहेस का, डॉक्टर व्हायला निघालीस आणि उपास कसले करतेस. तुला माझी शपथ आहे, आत्ताच्या आत्ता जेव.

"आई," ती म्हणाली, "अजून एक शपथ नको गं."

मग तिनंच विचारलं, "आबांचा आवाज बसलाय ना? तू फोन लांब धरायलीस, पण मला ऐकू येतंय. कव्हापासून?"

धूळ आहे, मी म्हणाले. तिनं ते ऐकूनही घेतलं नाही. तीन आठवड्यांवर आवाज बसलेला असेल तर कानानाकाघशाच्या डॉक्टरांना दाखवायलाच पाहिजे, नळी घालून आत बघायला पाहिजे, उद्याच न्या, असं ती घडाघडा बोलली. आणि त्याच दमात तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला. "मी लिंग काढायला लागले आणि त्यांचा गळा गेला, आई. गळ्यात कुठली नस कुठून जाते ते मी रोज हातानं बघायलेय. मला कळतंय की असं नसतं. पण जेवण जात न्हाई."

मी तिला असं काही नसतं म्हणून समजावलं. फोन ठेवला आणि गच्चीवर उभी राहून मनातल्या मनात मागं मोजत गेले. आबांचा आवाज दिवाळीनंतर बसला होता. तिची ती खोलीही दिवाळीनंतरच सुरू झाली होती. अंधश्रद्धेवर भाषण देणारी बाई कठडा धरून उभी होती आणि पुन्हा पहिल्यापासून मोजत होती.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, आबांना यातलं अक्षर कळता कामा नये, नाहीतर पोरगी परत येते. पण शपथ सोडवायची तर ती आबांनीच. आबांना सांगावं तर शिक्षण जातं, न सांगावं तर पोरगी जाते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली.

परभणीला डॉक्टरांना दाखवायला निघालो त्या दिवशी रस्त्यानं सगळ्या उसाच्या ट्रॉल्या आमच्याच पुढं होत्या. पोखर्णीला गाडी हळू झाली तेव्हा मी नृसिंहाला हात जोडले. आम्ही शैव, तो विष्णूचा, पण त्या दिवशी मला कुणाचाही वशिला चालला असता. आबांनी ते बघितलं. टोकायला त्यांना आवाजच नव्हता. डॉक्टरांनी नळी घालून बघितलं आणि सांगितलं की स्वरयंत्रावर एक गाठ आहे. दिसायला तर साधी दिसते, पण काढून तपासायला पाठवल्याशिवाय काही म्हणता येणार नाही. भूल द्यावी लागेल, चार दिवसांनी या.

त्या चार दिवसांत मी मुलीला एवढंच सांगितलं की डॉक्टर गाठ काढणार आहेत. ती म्हणाली, काढायलाच पाहिजे. त्या दिवशीही तिचं ताट भरलेलं होतं.

ऑपरेशनच्या सकाळी आबांनी दवाखान्याच्या पलंगावर बसून पूजा केली. मग सिस्टर आल्या आणि म्हणाल्या, आजोबा, गळ्यातलं काढून द्या, आत धातूचं काही चालत नाही. आबांनी डबी मुठीत धरली आणि मान हलवली. सिस्टरांनी समजावलं, नवऱ्यानं हात जोडले, डॉक्टर स्वतः येऊन गेले. आबा पलंगाच्या कडेला पाय सोडून बसले होते, उतरून चालायला लागणाऱ्या माणसासारखे.

"मंग ऱ्हाऊ द्या आपरेशन," ते म्हणाले. आवाज कसला, नुसता वारा. "ऐंशी वर्सं बोललो. लय झालं."

मला भीती वाटली की राग येतो, आणि राग आला की मी विचार करत नाही.

"आबा, तुमच्या नातीनंही काढलंय," मी म्हणाले. "तिथं आत जायचं तर काढावंच लागतं. आणि तुमच्या गळ्याला काही होऊ नये म्हणून ती उपाशी राहते. मागच्या आठवड्यात चक्कर येऊन पडली."

नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं, मी दुकान पेटवून आल्यासारखं.

"कव्हापासून?" आबांनी विचारलं.

"दिवाळीनंतर."

आबांचा हात हळूच गळ्याकडं गेला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी काय बोलून बसले. त्यांनाही मोजता येत होतं. आता ते म्हणणार, बघ, शपथ मोडली आणि माझ्या गळ्याशी आलं. आता ते म्हणणार, बोलव तिला. मी पलंगाचा दांडा धरला.

"पोरगी उपाशी हाय," आबा म्हणाले, "आन् मला कुणी सांगितलं न्हाई."

त्यांनी दोरा डोक्यावरून काढला. इतक्या वर्षांत मी त्यांना तो असा पुरता काढताना कधी बघितलं नव्हतं. गळ्याभोवती जिथं दोरा असायचा तिथं कातडीवर एक फिकट वळ होता. डबी त्यांनी दोन्ही डोळ्यांना लावली आणि मला डावा हात पुढं करायला लावला. "खाली ठेवू नको," एवढंच म्हणाले. मग सिस्टर त्यांना आत घेऊन गेल्या.

मी दाराबाहेर उभी राहिले. बाकावर जागा होती, पण बसवेना. डाव्या हाताची मूठ छातीशी धरली होती. डबी आधी गार होती, मग ती माझ्याच हाताइतकी ऊन झाली आणि मग हातात आहे की नाही ते कळेना, म्हणून मी सारखी मूठ उघडून बघत होते. मला ते लोखंडी कपाट आठवत होतं. पोरीच्या लिंगासाठी तिथं कुणाचा हात नव्हता. नवऱ्यानं चहा आणला. मी तो घेतला नाही. का घेतला नाही ते विचारू नका, मी विज्ञान शिकवते.

डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले की गाठ नीट निघाली, तपासायला पाठवली आहे. आता आठ दिवस बोलायचं नाही, एक शब्दही नाही, कुजबुजसुद्धा नाही. दुपारनंतर थोडं थोडं गार दूध द्या, पोटात काहीतरी गेलं पाहिजे.

आबांना शुद्ध आल्यावर मी लिंग गळ्यात घालायला गेले. त्यांनी माझा हात बाजूला केला. भुलीत असतील म्हणून मी थोड्या वेळानं पुन्हा गेले. पुन्हा तेच. सिस्टरांनी दुधाचा पेला आणला, तोही त्यांनी हातानं परत लावला. तेव्हा मला उमगलं. लिंग गळ्यातून निघालं, त्या दिवशी अन्नाला शिवायचं नाही; नेम त्यांचाच होता. पोरगी तिकडं उपाशी, आणि आता हे ऐंशी वर्षांचं माणूस ऑपरेशन होऊन इकडं उपाशी. नवरा विनवण्या करत होता. आबा दाराकडं बघत होते, मग भिंतीवरच्या घड्याळाकडं, मग माझ्या फोनकडं. बोटानं फोन दाखवायचे, मी म्हणायचे अजून तिची सुट्टी झाली नाही, की डोळे मिटून घ्यायचे. दूध तसंच राहिलं, त्याचा गारवा गेला. सिस्टरांनी ते नेऊन दुसरं आणून ठेवलं.

दिवेलागणीला फोन लागला. मुलगी पांढऱ्या कोटात होती, समोर ताट होतं, त्यात पाव होता. आबांना खाटेवर बघून तिनं तोंडावर हात ठेवला. मी सांगितलं की गाठ निघाली, त्यांना बोलायची मनाई आहे. गाठ साधी होती हे आम्हाला पुढच्या आठवड्यात कळलं. त्या संध्याकाळी ते कुणालाच माहीत नव्हतं.

आबांनी मला फोन जवळ धरायला लावला. मग दोन बोटांनी सदऱ्याचा गळा खाली ओढला आणि हनुवटी वर केली. मुलगी बघत राहिली.

"आबा, लिंग?" ती म्हणाली.

मी डावा हात वर करून मूठ उघडली. तिला डबी दिसली.

आबांनी दुधाचा पेला मागितला. नवऱ्यानं तो त्यांच्या हातात दिला. तिच्याकडं बघत बघत आबांनी पहिला घोट घेतला. घसा दुखत होता, गिळताना डोळ्यांतून पाणी आलं. ते थांबले, पुन्हा घोट घेतला, पुन्हा थांबले. उघड्या गळ्यानं, आयुष्यात पहिल्यांदा, त्यांनी पेला पार रिकामा केला. मग तो बाजूला ठेवला आणि बोट पुढं करून तिचं ताट दाखवलं.

"आई," ती म्हणाली, "आबा काय म्हणायलेत?"

शपथ ज्यानं घातली त्यानंच ते म्हणायचं असतं. आबांचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि वाट बघत राहिले.

"सुटली म्हणायलेत," मी म्हणाले.

आबांनी जोरात मान हलवली. मुलीनं पाव उचलला, मोडला, आणि तोंडात घातला. ती रडतही होती आणि चावतही होती. आम्ही फोन ठेवला नाही. तिचं ताट पुरतं रिकामं झालं तेव्हा आबांनी मान खाली करून गळा माझ्यापुढं केला, आणि मी त्यांचं लिंग त्यांच्या गळ्यात घातलं.